बाटलीतलं तीर्थ

डॉक्टरीणबाईंनी सोनूबाईला काम दिलं ते बुडबुडे बघत बसायचं. काय तर म्हणे, बाटलीतल्या पाण्यात बुडबुडे येत राहिले पाहिजेत, थांबले की सिस्टरला हाक मारायची, बस्स. उभा जन्म जिनं गिरणीकामगाराचा संसार ओढला, खाणावळीचे डबे केले, भटवाडीच्या टेकडीवर नळाच्या रांगेत भल्याभल्यांना वठणीवर आणलं, तिला म्हातारपणी हे काम. गावाला, मालवणकडे, पोरं पपईच्या पानाचा पोकळ देठ तोडून पाण्यात फुंकत बसायची, तसला हा पोरखेळ. एरवी तिनं तोंडावर सुनावलं असतं. पण बाटलीतली ती नळी जिथनं येत होती, तिथे काचेच्या पेटीत तिची नात होती.

नात कसली, मुठीत मावेल एवढा जीव. सुनेला, सुलक्षणाला, सातव्या महिन्यात रक्तदाब वाढून आकडी आली आणि पोट फाडून बाळ बाहेर काढावं लागलं. सुलक्षणा खालच्या मजल्यावर ग्लानीत पडून. सोनूबाईचा मुलगा दशरथ कांजूरमार्गच्या कंपनीत रजा टाकून बायकोच्या उशाशी. मायलेकींच्या मध्ये जिना, आणि जिन्याच्या वर सोनूबाई. नवरा काशीराम असता तर तो बसला असता नातीपाशी, पण संपानंतर गिरणी उघडली नाही ती नाहीच, आणि त्या धक्क्यातून काशीरामही उठला नाही.

पोर जन्मली ती कण्हतच. प्रत्येक श्वासाला छातीत खड्डा पडायचा, बरगड्या मोजून घ्याव्यात अशा वर यायच्या, आणि घशातनं बारीक आवाज यायचा, हं, हं, हं. हा आवाज सोनूबाईच्या ओळखीचा होता. दशरथच्या आधी तिला एक मुलगी झाली होती, गावाला, अशीच सातव्यात. सुईणीनं कापसात गुंडाळून टोपलीत घालून चुलीजवळ ठेवली. दिवसभर ती अशीच कण्हली. तिन्हीसांजेला कण्हणं थांबलं तेव्हा सगळ्यांना वाटलं, बरं झालं, निजली एकदाची. सोनूबाईलाही तसंच वाटलं. ती बाळंतीण, थकलेली, तिनंही समाधानानं डोळे मिटले. ते आठवलं की आजही तिला स्वतःची चीड यायची.

तेव्हापासून लहान मूल गप्प झालं की तिला स्वस्थ बसवायचं नाही. दशरथ लहानपणी झोपला की ही त्याच्या नाकाखाली बोट धरून बसायची. काशीराम हसायचा.

डॉक्टरीणबाईंचं नाव नलिनी. तरुण होत्या, चष्मा सारखा नाकावरून घसरायचा आणि त्या तो मनगटानं वर ढकलायच्या. त्यांनी दशरथला आणि सोनूबाईला समोर बसवून सगळं सांगितलं. बाळाची फुप्फुसं अजून कच्ची आहेत. श्वास सोडला की आतल्या पिशव्या मिटून एकमेकींना चिकटतात, मग पुढच्या श्वासाला त्या उघडायला जीव काढावा लागतो. श्वास देणारं मोठं मशीन शहरातल्या हॉस्पिटलात आहे, पण तिथे जागा नाही आणि एवढं लेकरू तिथवर टिकेल याचा भरवसा नाही. म्हणून त्यांनी हा घाट घातला होता. सिलिंडरमधला ऑक्सिजन एका नळीनं बाळाच्या नाकात, आणि तीच नळी पुढे सलाईनच्या काचेच्या बाटलीत, पाण्याखाली सोडलेली. श्वास बाहेर पडताना त्याला पाणी ढकलावं लागतं. त्यामुळे थोडी हवा आतच राहते आणि पिशव्या मिटत नाहीत. फुग्याची पहिली फुंक जड जाते ना आजी, डॉक्टरीणबाई म्हणाल्या, थोडा फुगला की पुढे सोपं. तसंच.

दशरथनं मान हलवली. सोनूबाईनं मान हलवली नाही, पण दुसऱ्या दिवशी पोरीचं कण्हणं कमी झालं तेव्हा तिनं त्या बाटलीकडे जरा आदरानं पाहिलं.

वॉर्डात सिस्टर एकच असायची आणि पेट्या अनेक. शेवंती सिस्टर जालन्याकडची, उंच, पायात सतत भिंगरी. तिनं सोनूबाईला कोपरापर्यंत हात धुवायला लावले, पदर खोचायला लावला, हातातल्या बांगड्या उतरवायला लावल्या. सोनूबाई कुरकुरली, सवाष्णीच्या असत्या तर उतरवल्या नसत्या म्हणाली. सिस्टरनं ऐकून घेतलं आणि साबण पुढे केला. मग तिनं एक गोष्ट दाखवली. पोरीचं तोंड उघडं पडलं की हवा तिथनं निसटायची आणि बुडबुडे बंद. हनुवटीखाली एक बोट हलकेच धरलं, की तोंड मिटायचं आणि बाटली पुन्हा बोलायला लागायची. हलकेच हं, सिस्टर म्हणाली, दाबायचं नाही.

झालं. सोनूबाईला काम मिळालं. पेटीच्या गोल भोकातून हात आत घालून ती बसायची, तर्जनीचं टोक त्या एवढ्याशा हनुवटीखाली. हात दुखून यायचा, मुंग्या यायच्या, ती कूस बदलून दुसरा हात घालायची. पोरीची कातडी इतकी पातळ की बोटाला तिच्या रक्ताचं उडणं कळायचं. सोनूबाई तिच्याशी बोलायची. तुझी आई खाली आहे, आज तिनं पेज घेतली. तुझा बाप घाबरट आहे, रक्त बघून भिंतीला टेकला. नाव अजून ठेवलं नव्हतं, म्हणून ती तिला नुसतंच गो बाय म्हणायची. कधीकधी पोर तिच्या बोटावर हनुवटी टेकवून निवांत व्हायची, आणि सोनूबाईचे डोळे भरून यायचे. ते पुसायला हात मोकळा नसायचा.

आणि मग गावाहून नाना आला.

नाना म्हणजे तिचा धाकटा दीर. एस्टीतनं उतरून पिशवीसकट थेट हॉस्पिटलात. त्यानं ग्रामदैवताला, रवळनाथाला, कौल लावला होता. देवानं उजवा दिला म्हणे, म्हणजे पोर जगणार, पण सांगितलं की माझं तीर्थ पोरीला पोचवा. खोकल्याच्या औषधाची मोठी बाटली धुऊन, त्यात गळ्यापर्यंत तीर्थ भरून, वर तुळशीचं पान टाकून, फडक्यात बांधून नानानं ती मांडीवर धरून आणली होती. सगळ्या घाटात एक थेंब सांडू दिला नाही, असं त्यानं दोनदा सांगितलं. पोरीच्या जिभेला एक थेंब लावायचा, मग बघ.

शेवंती सिस्टरनं साफ नाही म्हटलं. पोरीच्या पोटात नळीनं चमचाभर दूध जातं तेसुद्धा भीतभीत, बाहेरचं पाणी अजिबात नाही. सोनूबाईनं वाद घातला, मग विनवलं, मग पुन्हा वाद घातला. अंगारा तरी लाव, तर तेही नाही. सिस्टर वाईट वागली असंही नाही. बाटली टेबलावर ठेवा, देव जवळ असला की झालं, असं ती म्हणाली आणि दुसऱ्या पेटीकडे पळाली. नाना पाहुण्यांकडे मुक्कामाला वाकोल्याला निघून गेला. जाताना म्हणाला, वहिनी, आता तुमच्यावर सोपवलं.

देवाची वस्तू अंगावर सोपवून माणूस निघून गेला की जीव किती टांगणीला लागतो, ते ज्याच्यावर सोपवतात त्यालाच कळतं. तीर्थ टाकता येत नाही, परत पाठवता येत नाही, पोरीला देता येत नाही. त्या दिवशी दुपारी पोर जरा मलूल होती. सोनूबाईच्या मनात ती टोपली यायला लागली, चुलीजवळची. तेव्हा देवाला विचारायचं राहिलं होतं. आता देव स्वतः एस्टीनं आला आणि आपण त्याला टेबलावर बसवून ठेवलाय.

आणि मग तिला सुचलं. सुचलं म्हणजे, तिच्या हिशोबानं अगदी बिनचूक सुचलं. बुडबुड्यांच्या बाटलीतलं पाणी खाली गेलेलं होतं. बाटलीवर बाहेरून चिकटपट्टीचा एक तुकडा लावलेला होता, पाणी त्याच्या जरा खाली आलं होतं. सिस्टर अधूनमधून येऊन त्यात उकळलेलं पाणी घालायची, हे सोनूबाईनं पाहिलं होतं. म्हणजे पाणी घालायचंच असतं. पोरीच्या तोंडात तर थेंब जाणार नाही, आणि तिचा प्रत्येक श्वास मात्र तीर्थातनं जाईल. सिस्टरचाही शब्द राहिला, देवाचाही राहिला.

तिनं तुळशीचं पान आधी काढून कपाळाला लावलं. मग बाटलीचं तोंड बाटलीला लावून ओतलं. थोडं ओतून थांबायला हवं होतं, पण तीर्थ अर्धं ठेवतात होय. तिनं सगळं ओतलं. पाणी चिकटपट्टीच्या वर दोन बोटं चढलं. बुडबुडे आधी अडखळले, मग मोठे होऊन, गडगड करत यायला लागले. सोनूबाईला वाटलं, पावला. रिकामी बाटली पदरात गुंडाळून ती पुन्हा हनुवटीखाली बोट घालून बसली.

थोड्या वेळानं तिच्या बोटाला काहीतरी वेगळं कळलं. पोरीची मान ताणली गेली होती. छाती नेहमीसारखी खाली जात नव्हती, वर फुगून तशीच राहत होती. पोट टम्म. ओठांभोवती काळसर निळं. बुडबुडे मात्र जोरात चाललेले. सोनूबाईला काही उमगेना. तिला सांगितलं होतं बुडबुडे थांबले की हाक मार, आणि इथे बुडबुडे तर थांबतच नव्हते. क्षणभर ती तशीच बसली, आणि मग अख्खा वॉर्ड दचकेल अशी तिनं सिस्टरला हाक मारली.

शेवंती सिस्टर आली, बघून तिनं डॉक्टरीणबाईंना बोलावलं. दोघी वाकल्या. नाकातली नळी काढून बघितली, साफ होती, पुन्हा लावली. सिलिंडरचा काटा बघितला, ठीक होता. पोरीची छाती कानानं ऐकली, इकडे, तिकडे. पोर आणखी काळवंडली. आत कुठे हवा साठलीय का म्हणून डॉक्टरीणबाईंनी बॅटरीचा झोत छातीला लावून बघितला, त्यांचा चष्मा घसरला तो त्यांनी वर केला नाही. मग त्या सिस्टरला म्हणाल्या की फुप्फुस फुटलेलं दिसतंय, हवा बाहेर पडून छातीत कोंडलीय, सुई घालावी लागणार. सिस्टरनं सुई काढून त्यांच्या हातात दिली. त्या सुईपुढे पोरीची छाती, सोनूबाईच्या तळव्याहून लहान.

सोनूबाई भिंतीला चिकटून उभी होती. पदरातली रिकामी बाटली तिच्या पोटाला लागत होती. तिला डॉक्टरी कळत नव्हती, पण घर चालवलेल्या बाईला एवढं कळतं की आधी नव्हतं ते आत्ता झालं, तर मध्ये काय बदललं. मध्ये बदललेलं एकच होतं. बोललं तर काय होईल, तेही तिला दिसत होतं. हाकलून देतील. दशरथ तोंड बघणार नाही. उद्या पोरीचं बरंवाईट झालं तर सून जन्मभर म्हणेल की सासूनं मारली, आणि ते खोटं नसेल. आणि गप्प राहिलं तर कुणाला काही कळणार नव्हतं. एकदा ती गप्प निजली होती.

"मीया ओतलंय," ती म्हणाली. कुणाचं लक्ष गेलं नाही, म्हणून पुन्हा म्हणाली. "पाणी मीया ओतलंय बाटलीत. देवाचा तीर्थ. सगळा."

डॉक्टरीणबाईंनी मान वळवली. सोनूबाईकडे नाही, बाटलीकडे. चिकटपट्टी पाण्याखाली गेलेली होती. त्यांनी सुई सिस्टरच्या हातात परत दिली, आणि बाटलीतली नळी दोन बोटांत धरून वर ओढली, थोडी, आणखी थोडी. गडगड थांबली. बारीक बुडबुडे यायला लागले. पोटातली हवा सिस्टरनं नळीनं ओढून घेतली. तिघी बायका त्या छातीकडे बघत राहिल्या. छाती खाली गेली. वर आली. खाली गेली. ओठांचा निळा रंग हळूहळू, उगाच जीव टांगणीला लावत, उतरला.

"आजी, तुम्ही बाहेर बसा," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

सोनूबाई बाहेरच्या बाकड्यावर बसली. रडू आलं नाही. ती नुसतीच आपल्या तर्जनीकडे बघत राहिली. दशरथ चहा घेऊन वर आला, तिनं त्याला सगळं सांगितलं, एक शब्दही न लपवता. त्यानं चहा तिच्या बाजूला ठेवला आणि खिडकीशी जाऊन पाठ करून उभा राहिला. तो ओरडला असता तर तिला बरं वाटलं असतं.

बऱ्याच वेळानं डॉक्टरीणबाई बाहेर आल्या आणि तिच्याशेजारी बाकड्यावर बसल्या. चष्मा अजून नाकाच्या शेंड्यावर तसाच होता. सोनूबाईनं ते पाहिलं आणि तिला त्या एकदम फारच लहान वाटल्या, आपल्या सुलक्षणाएवढ्या. त्यांनी सांगितलं की नळी पाण्यात जेवढी खोल, तेवढी हवा आत जास्त कोंडते, म्हणून ती पट्टी. पोर आता बरी आहे. फुप्फुस फुटलेलं नव्हतं.

"मी सुई घातली असती आजी," त्या म्हणाल्या. "न फुटलेल्या फुप्फुसात. तुम्ही बोलला नसता तर मी घातली असती." मग म्हणाल्या, "पट्टी कशाला आहे ते मी तुम्हाला सांगितलंच नव्हतं. बुडबुडे तेवढे बघा म्हटलं. ते चुकलं माझं."

आणि त्यांनी ॲप्रनच्या खिशातून एक बाटली काढली. सलाईनची जुनी, बूच लावलेली, पाण्यानं भरलेली. बाटलीतलं पाणी बदलावं लागलं, त्या म्हणाल्या, तिथे दुसरं घातलंय, उकळलेलं. हे मोरीत ओतायला मन होईना, तुम्ही घेऊन जा. सोनूबाईनं ती दोन्ही हातांत घेतली आणि तेव्हा कुठे तिला रडू आलं, अगदी हुंदके देऊन, लहान पोरीसारखं. डॉक्टरीणबाई तिच्या पाठीवर हात ठेवून बसून राहिल्या. खिडकीशी दशरथही डोळे पुसत होता, पण त्यानं ते कुणाला दाखवलं नाही.

तेवढ्यात दारातून शेवंती सिस्टरचं डोकं बाहेर आलं. ती म्हणाली की पोर तोंड उघडं टाकतेय, बुडबुडे राहीनात, आणि तिला दोनच हात आहेत. सोनूबाईनं डॉक्टरीणबाईंकडे पाहिलं. त्यांनी चष्मा मनगटानं वर ढकलला.

"जा आजी. हात धुऊन जा."

सोनूबाईनं कोपरापर्यंत हात धुतले, दोनदा धुतले. कुणी सांगायच्या आधी.

पुढे पोर सुधारत गेली. सुलक्षणाला खुर्चीवर बसवून वर आणली त्या दिवशी सोनूबाईनं तिला आधी पोर दाखवली आणि लगेच तीर्थाचं सांगितलं, दुसऱ्या कुणी सांगण्याआधी. सुलक्षणा सासूला टोचून बोलायला कमी करणारी नव्हती, दोघींचं घरात भांड्याला भांडं लागायचं. ती खुर्चीतून पेटीकडे वाकली. मग म्हणाली, "आई, बोट कुठं धरायचं ते दाखवा." सोनूबाईनं तिचा हात धरून आत घातला आणि हनुवटीखाली ठेवला. हलकेच गो, ती म्हणाली, दाबू नको.

एक दिवस डॉक्टरीणबाईंनी नाकातली नळी काढली. बुडबुडे थांबले. सोनूबाईच्या ओठापर्यंत हाक आली. पोर गप्प होती. शेवंती सिस्टरनं काही न बोलता सोनूबाईचं बोट धरून पोरीच्या नाकाखाली नेलं. बोटाला गार, मग ऊन, मग गार लागलं.

पोर भटवाडीत घरी आली ती आणि घरात एक नवीनच पंचाईत. पोर झोपेना. पाळणा हलवा, थोपटा, गा, काही करा, डोळे टक्क उघडे, मुठी आवळलेल्या, किरकिर सुरू. शेजारच्या बायांनी दृष्ट काढली, पोट शेकलं. सुलक्षणा रडकुंडीला आली. दुपारची वेळ होती, चाळ जरा शांत झाली होती, आणि सोनूबाई पोरीकडे बघत असता तिला कळलं की हिला काय पाहिजे. जन्मल्यापासून ज्या आवाजात ही झोपली, तो आवाज घरात नाही. हिलाही गप्पपणाची भीती वाटते. सोनूबाईला ते इतकं पटलं की ती उठलीच.

चाळीमागच्या उतारावर पपईचं झाड होतं. तिनं एक पान देठासकट तोडलं, पान टाकलं, देठ धुऊन घेतला. पेल्यात पाणी घ्यायला ती वळली, आणि देव्हाऱ्यात तिला ती सलाईनची बाटली दिसली. इतके दिवस ती तशीच ठेवलेली होती. हॉस्पिटलातनं आलेली म्हणून पिता येईना, देवाची म्हणून टाकता येईना.

तिनं बाटली उचलली, पेल्यात ओतली आणि थांबली. तोंडानं फुंकायचं म्हणजे तीर्थ उष्टं होणार. नाना बघता तर त्यानं कपाळावर हात मारून घेतला असता. सोनूबाईनं देव्हाऱ्याकडे पाहिलं. रवळनाथाचा फोटो होता, काशीरामानं गिरणीत असताना फ्रेम करून आणलेला.

"तुका पोरीच्या श्वासात जावचा होता मां?" ती त्याला म्हणाली. "मग आता माझ्याबरोबर चल."

पाळण्याशेजारी मांडी घालून ती बसली. देठ पाण्यात घातला, फार खोल नाही, आणि फुंकलं. बुडबुडे आले. किरकिर थांबली. पोरीनं मान आवाजाकडे वळवली, मुठी एकेक करून सुटल्या, पापण्या जड झाल्या. दारात सुलक्षणा ओल्या हातांनी उभी राहून बघत होती.

सोनूबाईचं वय झालं होतं, दम लगेच लागायचा. दम घ्यायला ती देठ तोंडातून काढायची, तेव्हा खोली एकदम गप्प व्हायची. त्या गप्पपणात ती वाकून कान द्यायची. आत श्वास चाललेला असायचा, बारीक, एकसारखा, कुणाच्याही मदतीशिवाय. तेवढं ऐकून ती पुन्हा फुंकायला लागायची.